चामराजपेटची विमान अज्जी

बंगळूरला माणसं हवेसाठी जातात, नोकरीसाठी जातात, मुलांकडे राहायला जातात. मी आईला बघायला गेले. आई मात्र सांगलीतच होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, माझ्या शेजारच्या खोलीत. तिनेच मला पाठवलं होतं.

त्याचं असं झालं. माझे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि फावल्या वेळात एका विनोदी दिवाळी अंकाची मुखपृष्ठं काढायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी आईला नऊवारी नेसायला लावलं, टेबलावर गादीची वळकटी ठेवली, तिच्यावर आईला बसवलं आणि हातात झारा दिला. आईला वाटलं, फराळ तळणाऱ्या गृहिणीचं चित्र असेल. अंक छापून आला तेव्हा वळकटीचं रॉकेट झालं होतं. ठिणग्या सोडत रॉकेट ढगांतून वर चाललंय, त्यावर आई बसलेली, पदर फडफडतोय, झारा तलवारीसारखा उगारलाय. पुढे कित्येक वर्षं गल्लीत तिला 'रॉकेटवहिनी' म्हणत. घरी आलेल्या सगळ्या प्रती तिने बंबात घातल्या. त्या पाण्याने बाबांना आंघोळ करावी लागली, असं ते सांगायचे.

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. यंदा डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आईने आधी पंख्यावरची धूळ बघितली, मग मला बघितलं. "किती पिकलीस गं!" म्हणाली. संध्याकाळी चहा पिताना म्हणाली, "मला ते चित्र बघायचंय. तेव्हा रागात मी नीट बघितलंच नव्हतं."

आता इतक्या जुन्या अंकाचं मुखपृष्ठ आणायचं कुठून? त्या अंकाचं नावसुद्धा कोणाला आठवत नव्हतं. पण माझा भाचा चिन्मय बंगळूरला असतो, आणि त्याला जुनी मुखपृष्ठं भिंतीवर लावायचं वेड आहे. त्याच्यासारख्या वेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात मी चित्राचं वर्णन टाकायला लावलं, आणि आठवड्याच्या आत एकाने फोटो पाठवला. बंगळूरच्या चामराजपेटेत कुणाच्या घरी तो जेवायला गेला होता, तिथल्या भिंतीवरचा. मध्ये झेंडूचा जाडजूड हार आणि उदबत्तीचा धूर, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पण हाराच्या खाली रॉकेटची शेपटी होती आणि हाराच्या वर झारा.

"जा आणि घेऊन ये," आई म्हणाली.

एचएसआर लेआउट

एचएसआर लेआउट या वस्तीतल्या आपल्या फ्लॅटचं दार चिन्मयने उघडलं आणि चहूकडून बायका माझ्याकडे बघायला लागल्या. निरांजन घेतलेल्या, तंबोरा घेतलेल्या, झोपाळ्यावर बसलेल्या, एक तर नऊवारीत टेनिस खेळणारी. सगळ्या काचेच्या फ्रेममध्ये. हॉलमधली जागा संपल्यावर त्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या, तिथून फ्रीजवर आणि शेवटी बाथरूममध्ये.

"दिवा कुठे लागतो रे?"

"तंबोरावालीला स्वल्प उचल आत्या, मागे स्विच आहे."

उचललं, तर पंखा लागला. दिवा झोपाळेवालीच्या मागे होता. बाथरूमच्या बटणापुढे जी बाई होती तिचा खिळा ढिला होता, म्हणून पहिल्या दिवशी मी आंघोळ अंधारातच केली.

"भिंत रिकामी दिसली ना, की मला अ‍ॅन्क्झायटी येते," चिन्मय म्हणाला. तो दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून कुठल्यातरी परदेशी कंपनीची कामं करतो, आणि मिटिंगमध्ये त्याच्या मागे कायम ती टेनिसवाली दिसते. साहेबाने एकदा विचारलं म्हणे, ही तुझी कोण? हा म्हणाला, ग्रँडमदर. तेव्हापासून साहेब त्याच्याशी जरा आदराने बोलतो.

"आणि अंकांच्या आतल्या कथा?"

"त्या बाल्कनीत."

बाल्कनीत पोतं होतं. त्यात मुखपृष्ठं सोलून काढलेले अंक भरलेले. आमच्याकडे नेमकं उलटं असायचं. मुखपृष्ठ फाडून फडताळात अंथरायचं आणि अंक जपून ठेवायचा. मी पोत्यातून एक रहस्यकथा काढून वाचायला घेतली. खून झाला, घरात पोलीस आले, आत्याबाईंवर संशय आला, आणि तळाशी ओळ: 'उरलेला भाग मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस'. म्हणजे खुनी आता निरांजनवालीच्या पाठीशी, भिंतीकडे तोंड करून उभा होता. फ्रेम उघडू का म्हणून विचारलं, तर चिन्मयने हातच जोडले.

सकाळी त्याने मला कोपऱ्यावर न्याहारीला नेलं. इथे उभ्यानेच खातात. एका ताटलीत तिखट उपमा आणि गोड शिरा शेजारी शेजारी, त्यांना 'चौचौ बाथ' म्हणतात. कुणीतरी अनोळखी गृहस्थ येऊन आमच्याच टेबलावर आपली ताटली ठेवतात, कुणी कुणाला काही विचारत नाही. सांगलीत असं झालं असतं तर ताटली रिकामी व्हायच्या आत गाव, आडनाव आणि मुलीचं लग्न, सगळं निघालं असतं. मी त्या गृहस्थांकडे बघून हसले. ते आपली इडली घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेले.

रिक्षात

चामराजपेटला जायला आम्ही रिक्षा केली. बंगळूरची रहदारी मी ऐकून होते. पण ऐकणं वेगळं आणि एकाच औषधाच्या दुकानाची पाटी पाठ होईपर्यंत बघणं वेगळं. कंटाळून मी रिक्षावाल्याच्या पुढ्यात नजर टाकली. काचेपाशी उदबत्तीचा पुडा उभा करून ठेवला होता. पुड्यावर ढग, ढगांत रॉकेट, आणि रॉकेटवर...

"आई!" मी ओरडले.

रिक्षावाल्याला ब्रेक मारायची गरज पडली नाही, आम्ही उभेच होतो. तो वळून बघायला लागला. मी पुड्याकडे बोट दाखवलं.

"विमान अज्जी, मेडम," तो एकदम खुलून हिंदीत म्हणाला. "बहुत पावरफुल."

चिन्मयने खोदून विचारलं तेव्हा समजलं. परीक्षेला एक देव, लग्नाला दुसरा, तसं ट्रॅफिकला इथे विमान अज्जी. कारण सगळे खाली अडकलेले असताना ती एकटी वरून जाते. त्या भागातल्या पुष्कळ रिक्षांत तिचा पुडा असतो म्हणे. तो हे सांगत असतानाच पुढची बस हलली. "देखा?" म्हणून त्याने पुड्याला बोट लावून डोळ्यांना लावलं. पुढच्या चौकात आम्ही परत अडकलो.

"स्वल्प टाइम लेती है," त्याने समजावलं.

"अहो, ती माझी आई आहे," मी हिंदीत म्हणाले.

"सब की माँ है, मेडम."

चामराजपेट

फोटोतल्या घराखालचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. अरुंद, खोल, आणि चाफ्याच्या वासाने इतकं भरलेलं की आत शिरताना वास बाजूला सारावा लागेल असं वाटलं. खाली उदबत्तीचं दुकान, वर घर. फळ्यांवर छतापर्यंत पुडेच पुडे. आई रांगेने वर चालली होती, फळीमागून फळी.

गल्ल्यावर पांढऱ्या शर्टातले, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ होते. सगळे त्यांना मानोजीअण्णा म्हणतात. आमचं मराठी ऐकून ते उठूनच उभे राहिले.

"या की, या. वर बसूया. आमच्या घरात सगळे मराठीच. किती पिढ्या झाल्या म्हाइत नाही. अक्का, काफी!"

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, रुक्माक्का. त्यांनी पितळेच्या पेल्यांतून फेसाळ कॉफी आणली, सोबत कोडबळी. त्यांचं मराठी ऐकायला मोठी गंमत वाटायची. एखादा शब्द माझ्या पणजीच्या तोंडचा आणि पुढचा थेट कानडी. आणि या सगळ्यावर भिंतीवरून, हाराच्या मागून, आईचा झारा.

तो फोटो नव्हे, साक्षात मुखपृष्ठ होतं. वरचं अंकाचं नाव कापून टाकलेलं, चौकट चांदीसारखी चकचकीत.

"आमची अज्जी," अण्णा हात जोडून म्हणाले. "माझ्या बापाची आई. मी जन्मायच्या आधीच गेली. तिचा फोटो एकपण काढला नव्हता. आजोबा फार खंगले. आणि बरोब्बर तेराव्याला रद्दीवाला कागद घेऊन आला, काड्या गुंडाळायला. त्यात हे! अज्जीचंच तोंड, म्हणाले आजोबा. सैपाक करता करता गेली होती ना ती, म्हणून हातात झारा. आणि हे विमान. वरून बोलावणं आलं, हातचा झारा टाकायलापण वेळ दिला नाही."

चिन्मय कोडबळ्याकडे एकटक बघत बसला. मी येताना भाषण तयार केलं होतं. चित्र कसं जुनं आहे, आम्हाला कसं हवं आहे, बदल्यात उत्तम प्रत करून देऊ, वगैरे. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"अण्णा," मी म्हणाले, "ही माझी आई आहे."

"हो हो. सगळे तसंच म्हणतात."

"तसं नाही. खरीच आई. माझ्या बाबांनी हे चित्र काढलं. आई सांगलीला आहे. जिवंत आहे. हे विमान नाही, दिवाळीतलं रॉकेट आहे."

खाली दुकानात कुणीतरी पुडा मागत होतं, त्याला कुणी उत्तर देईना. रुक्माक्का दारातच थांबल्या. अण्णा उठले, चित्राजवळ गेले, माझ्याकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. मला वाटलं आता आम्हाला जिन्यावरून खाली घालवतात. त्यांचे डोळे भरून आले.

"अक्का," ते म्हणाले, "अज्जी वर गेलीच नाही. सांगलीला उतरली!"

आणि मी काही बोलायच्या आत ते माझ्या पाया पडले. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस! मी मागे सरकले तर मागे भिंत.

"अहो, हे काय!"

"तुम्ही अज्जीची मुलगी. म्हणजे माझी आत्या. अत्ते! इतकी वर्षं अत्ते आहे हे म्हाइतच नाही आम्हाला."

चिन्मय माझ्या कानाशी लागला. "आत्या, म्हणजे हे माझे कोण?"

त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुरीच्या डाळीची पोळी, तिला इथे होळिगे म्हणतात, आमच्या हरभऱ्याच्या पुरणापेक्षा मऊ. वर तुपाची धार, आणि दर वेळी "अत्ते, अजून एक". जेवणानंतर मला पाटावर बसवून ओटी भरली. चित्र मागायला गेलेली मी साडी, नारळ आणि एक साठीपार भाचा घेऊन परतले.

निघताना मात्र स्वयंपाकघरात रुक्माक्कांनी मला थांबवलं. त्या अण्णांसारख्या भाबड्या नव्हत्या. ओले हात पदराला पुसत हळूच म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही, मला कळतंय. पण मग आमच्या अज्जीचं तोंड कुठलं?"

 परतीच्या रिक्षात मी ओटीतला नारळ मांडीवर धरून बसले. आईचं चित्र मिळालं की घेऊन निघायचं, इतकाच माझा हिशेब होता. आता वाटत होतं, या घरातून हे चित्र काढलं तर मागे उरणाऱ्या रिकाम्या भिंतीची चिन्मयच्या अ‍ॅन्क्झायटीलाही सर येणार नाही.

रविवार

अण्णांचे धाकटे भाऊ वेंकोजीराव जे. पी. नगरला असतात. कारखान्यात तपासणीच्या कामावर आयुष्य गेलं, त्यामुळे सही शिक्क्याशिवाय सूर्य उगवला तरी मानणार नाहीत. अज्जी सांगलीला उतरल्याची बातमी ऐकून ते रविवारी आले. दोन तास उशिरा आले, गाडीत विमान अज्जीचा पुडा असून.

"तुमच्या मातोश्रींचं आधार कार्ड आहे का?" हे पहिलं वाक्य.

"आपण त्यांनाच विचारू ना," चिन्मय म्हणाला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. फोन पितळी तांब्याला टेकवून चित्रासमोर ठेवला. रुक्माक्कांनी सवयीने कापूर लावला. सगळं घर सतरंजीवर बसलं.

सांगलीत शेजारच्या मंगलताईंनी फोन धरला होता. पडद्यावर आधी त्यांचा अंगठा आला, मग आईचं कपाळ, मग आई. आईला समोर हार, धूर आणि हात जोडून बसलेली माणसं दिसली.

"कोण गेलं गं?" तिने घाबरून विचारलं.

"कोणी नाही आई. ते तुझंच चित्र आहे."

"मग मी गेले?"

"अज्जी!" अण्णांनी साष्टांग नमस्कार घातला. ते फोनच्या चौकटीतून एकदम दिसेनासे झाले.

"अगं, कोण पडलं बघ तिथे! पाणी द्या त्यांना!"

सगळं समजावून सांगायला बराच वेळ गेला. आईने ऐकून घेतलं. वेंकोजीराव पुढे सरकले, घसा साफ केला. "बाई, हे चित्र तुमचंच, याला पुरावा काय?"

आईला पुरावा मागितलेला आवडत नाही. तिने डोळे बारीक केले. "डाव्या पायात जोडवं बघा. नसणार. बोट सुजलं होतं माझं, काढून ठेवलं होतं. ह्यांना म्हटलं, दोन्ही पायांत काढा. म्हणाले, दिसतं तेच काढणार. आणि बाईला रॉकेटवर बसवताना काय दिसत होतं त्यांना, कुणास ठाऊक!"

वेंकोजीरावांनी उठून हार वर केला. इतकी वर्षं ते हार बदलत होते, पण पायाच्या बोटांकडे कुणी बघितलं नव्हतं. उजव्या पायात जोडवं होतं. डाव्या पायात नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं, आणि मुकाट्याने सतरंजीवर बसून हात जोडले.

"तो हार काढा आधी," आई म्हणाली. "मला दिसू दे."

हार निघाला. चिन्मयने फोन चित्राच्या अगदी जवळ नेला. मीही तेव्हाच पहिल्यांदा ते तोंड धडपणे बघितलं. विशीतली आई. गाल फुगलेले, हसू दाबून धरलेलं, नथ वाऱ्याने उडालेली. बाबांनी रॉकेट घाईत उरकलं होतं, ढग तर चक्क कापसाचे बोळे होते. पण चेहऱ्यावर ते किती वेळ बसले असतील! पापणीचा केसन्‌केस काढला होता.

आईने फोन अजून जवळ न्यायला लावला, मग अजून जवळ. 

"आई?"

"चांगली दिसत होते गं," आई म्हणाली. एवढंच.

मग रुक्माक्का पुढे आल्या. मला जो प्रश्न विचारला होता तोच त्यांनी आईला विचारला. हे तोंड तुमचं, तर आमच्या अज्जीचं कुठलं?  अण्णांनी मान खाली घातली होती. मला तेव्हा दिसलं की त्यांना हे पहिल्या दिवसापासून समजलं होतं. सांगलीला उतरली वगैरे म्हणत ते नुसते त्या प्रश्नाच्या कडेकडेने चालले होते.

आईने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"तुळसक्का," अण्णा म्हणाले.

"स्वयंपाक करता करता गेली?"

"हो. दिवाळीच्याच दिवसांत."

"मग चित्र तिथेच राहू दे," आई म्हणाली. "तिच्याकडे तोंड नाही आणि माझं नुसतं बंबात गेलं असतं. नाव तिचं, तोंड माझं. श्राद्धाला दोघींचं भागेल. फक्त मी असेपर्यंत हार नको, मला गुदमरल्यासारखं होतं."

"आई, पण तुला चित्र हवं होतं ना? मी त्यासाठी आलेय," मी म्हणाले.

"तू गेलीस ते बरं केलंस. आता मी येऊन बघते. कोल्हापूरहून विमान आहे म्हणे."

वेंकोजीरावांनी ताबडतोब सांगितलं, "आधार कार्ड लागतं हं."

विमानतळ

आईला घेऊन मी पुन्हा बंगळूरला गेले तेव्हा पाऊस संपून हवा छान झाली होती. आई जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. खिडकीतून ढग बघून म्हणाली, "ह्यांनी अगदीच चुकीचे काढले नव्हते." मग झोपली.

व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीने तिला काचेच्या दारातून बाहेर आणलं. समोर चामराजपेटचं सगळं घर उभं होतं, चिन्मय, रुक्माक्का, वेंकोजीराव. मागे ओळखीचे चार रिक्षावाले होते. इतक्या लांब ते कसे आले ते त्यांनाच ठाऊक. ते हात जोडून उभे होते. आई त्यांच्याकडे बघून गोंधळली, मग तिनेही हात जोडले.

अण्णा पुढे आले. नवा शर्ट, कपाळाला गंध. इतके दिवस फोनवर मला अत्ते, अत्ते म्हणून भंडावून सोडणारा माणूस. खुर्चीसमोर ते गुडघ्यांवर बसले. आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कपाळ, नाक, सुरकुतलेले गाल. तुळसक्का म्हातारी झालेली त्यांच्या घरात कुणीच बघितली नव्हती.

मला भीती वाटली, आई आता काहीतरी स्पष्ट बोलणार. ती तशीच आहे.

अण्णांनी तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखं विचारलं, "अज्जी, जेवलीस?"



"नाही रे बाळा," आई म्हणाली. "काय केलंयस?"